रबराच्या चिकाची गादी

“पाठ दुखते म्हणून आजोबांना फळीवर निजवतो,” असे सांगणारी घरे रत्नागिरीत आजही भेटतात. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधील ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर निजणाऱ्यांना अधिक आराम पडला. तेव्हा फळी काढावी.

लेटेक्सची गादी रबराच्या झाडाच्या चिकापासून होते. ती झाडे आपल्या दोडामार्गातही आहेत. ही गादी दबून लगेच पूर्ववत होते, म्हणून कूस बदलणे सोपे जाते, आणि कापसासारखे गोळेही होत नाहीत. मात्र ज्यांना निजायचे आहे त्यांनीच दुकानात दहा मिनिटे कुशीवर पडून पाहावे, संकोच नको. खांदा व खुबा किंचित रुतावा, कंबर अधांतरी राहू नये. काठावर बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकलेच पाहिजेत. जुन्या उंच पलंगावर जाड गादी आली, की रात्री लघवीसाठी उठताना पडण्याचे भय वाढते. माझ्या मते किमतीआधी हे पाहावे. रबरी हातमोज्यांनी अंगाला खाज सुटत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पाऊस सरल्यावर गाद्या उन्हात टाकण्याची आपली रीत कापसाला उत्तम. लेटेक्स उन्हाने ठिसूळ होते. ती सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. जड असते, एकट्याने उचलू नये. खाली सलग फळीऐवजी फटी ठेवलेल्या पट्ट्या असाव्यात, नाहीतर आपल्या दमट हवेत बुरशी धरते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस मात्र गादी कोणतीही असली तरी साधारण दर दोन तासांनी बदलावीच लागते.