युद्धातला हप्ता थांबवा!

देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये रुपये छापता येतात, डॉलर नाही. १९९१ साली देशाने हे अनुभवले. युद्ध आखातात, त्यात आपला एक सैनिक नाही. पण तेल महागले, गंगाजळी आटली आणि जानेवारीत नाणेनिधीच्या दारी जावे लागले. जुलैत ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडे गहाण पडले. धार-देवासच्या आपल्या घरांत सोने गहाण टाकणे म्हणजे काय, हे सांगायला नको! नाणेनिधीचे ते कर्ज भारताने २००० साली पूर्ण फेडले.

आणि ९ मे २०२५ रोजी, सीमेवर तोफा धडाडत असताना, त्याच नाणेनिधीने पाकिस्तानला सुमारे १ अब्ज डॉलर मोकळे केले. भारत मतदानात तटस्थ राहिला. म्हणे पैसा गंगाजळीत जातो, लष्कराकडे नाही. एका खात्यात कर्ज जमा झाले की दुसऱ्या खात्यातली रक्कम मोकळी होते, हे आम्हा काउंटरवर बसणाऱ्यांना कोणी शिकवू नये.

नियम आडवे येतात म्हणावे, तर मार्च २०२३ मध्ये युक्रेनला कर्ज देता यावे म्हणून नाणेनिधीने आपले नियम बदललेच ना? मग लढाई चालू असेतो हप्ता रोखण्यासाठी ते का बदलू नयेत?