कान खोटं सांगतात तेव्हा

परवा आमच्या वर्गात एक गंमत झाली. मुख्याध्यापकांची फिरती खुर्ची मी वर्गात आणली (त्यांना विचारूनच हं!). पाचवीतल्या एका मुलाला तिच्यावर बसवलं, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि सांगितलं, "खुर्ची ज्या बाजूला फिरेल त्या बाजूला अंगठा दाखव." मग सावकाश, एकाच वेगाने फिरवत राहिले. आधी अंगठा बरोबर उजवीकडे होता. थोड्या वेळाने तो हळूहळू सरळ वर आला, म्हणजे त्याला वाटलं खुर्ची थांबली. आणि मी खुर्ची खरोखर थांबवली, तर अंगठा डावीकडे! वर पठ्ठ्या विचारतो, "बाई, आता उलटं कायले फिरवता?" सगळा वर्ग खो-खो हसला.

त्याचं काही चुकलं नव्हतं बरं का! आपल्या कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. आपण वळलो की तो मागे रेंगाळतो, त्यावरून मेंदूला वळण कळतं. पण एकाच वेगाने फिरत राहिलं की द्रवही सोबत फिरू लागतो, आणि मेंदू म्हणतो, "आपण तर स्थिर आहोत."

आता हाच मुलगा ढगात शिरलेलं विमान चालवतो आहे असं समजा. खाली जमीन दिसत नाही, क्षितिज नाही. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात असं शिक्षण न घेतलेल्या २० वैमानिकांची परीक्षा घेतली होती. बाहेरचं दिसेनासं झाल्यावर विसांपैकी एकालाही विमान सांभाळता आलं नाही. सरासरी वेळ भरला १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत!

म्हणून वैमानिकाला कानांवर नाही, तर समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवायला शिकावं लागतं. कृत्रिम क्षितिज, उंची, वेग, दिशा, वळण, चढ-उतार, या सगळ्यांवर नजर सारखी फिरती ठेवायची. एकावरच खिळली की घात. आपल्या देशात या परवान्यासाठी निदान ४० तासांचा सराव लागतो. त्यातले काही तास जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्येही चालतात.

सरावाच्या वेळी विद्यार्थ्याच्या डोक्यावर टांग्याच्या घोड्यासारखी झापडं चढवतात. त्याला फक्त उपकरणं दिसतात. शेजारी, उजव्या खुर्चीवर, गुरुजी! ते बाहेर पाहतात, मधूनच एखादं उपकरण झाकतात. कधी म्हणतात, "डोळे मीट." मग विमान वेडंवाकडं करतात आणि म्हणतात, "उघड, आता सरळ कर."

मला या गुरुजींचं फार कौतुक वाटतं. माझा विद्यार्थी गणितात चुकला तर मी लाल पेन घेते. इथे चूक किती होऊ द्यायची आणि कोणत्या क्षणी दांडा आपल्या हाती घ्यायचा, हे काही सेकंदांत ठरवायचं. लवकर घेतला तर पोरगा शिकत नाही. उशिरा घेतला तर... नकोच ते!

अमेरिकेत उपकरणांवरचं उड्डाण शिकवायला वेगळा परवाना लागतो. काही ठिकाणी त्याचं शिक्षण आठवड्याभरात उरकतात. आम्ही डीएडला दोन वर्षं घासली, म्हणून मला आधी हसूच आलं. पण शिकायला येणारा स्वतः आधीच तरबेज वैमानिक असतो. त्याला शिकायचं असतं ते उजवीकडे बसून, बोलत-बोलत समजावून देणं. तरीही आठवडा मला कमीच वाटतो. आपल्याकडे आधी सहायक उड्डाण प्रशिक्षक व्हावं लागतं, पूर्ण प्रशिक्षक नंतर. ही पद्धत मला बरी वाटते.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून उड्डाण केलं आणि विमान तसंच उतरवलंही. पुढे बसलेले केल्सी गरज पडली तरच हात लावणार होते. त्यांनी आपले हात लोकांना दिसतील असे ठेवले होते!

आणि हे सगळं दूरचं समजू नका. आपल्या विदर्भातच, गोंदियाजवळ बिरसीला, वैमानिक घडवले जातात. १९४९ ते १९७३ या काळात रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं नागपूरला यायची, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परतायची. मुंबईचं विमान आपल्या वर्धा जिल्ह्याच्या बाजूनेच जायचं. घरातल्या आजोबांना विचारा, लहानपणी अंगणात बाजेवर पडल्या-पडल्या त्यांनी त्याचा आवाज ऐकला होता का?