कॅमेऱ्याचें कार्ड घेतांना

‘घरीं नवा डिजिटल कॅमेरा आणिला आहे, त्यांत घालावयाचें मेमरी कार्ड कोणतें घ्यावें?’ अशी पृच्छा एका वाचक भगिनीनें केली आहे. ज्यांचे हात पोळले त्यांसच हा प्रश्न यावा, हा योगायोगच म्हणावयाचा.

गेल्या वर्षीं वैशाखांत आमच्या नातवाची मुंज झाली. चिरंजीवांनीं समारंभासाठीं बाजारांतून १२८ जीबीचें कार्ड निम्म्या किमतींत आणिलें, आणि काटकसर साधली म्हणून आम्हीही त्यांची पाठ थोपटली! ग्रहमख, मातृभोजन, मंगलाष्टकें, सारें टिपलें गेलें. भिक्षावळीचे वेळीं आमच्या थोरल्या भगिनी अक्का, वय वर्षें ८२, यांनीं कांपऱ्या हातानें बटूच्या झोळींत लाडू घातला. दुसरे दिवशीं संगणकावर पाहतों तों मंगलाष्टकांपर्यंतचीं चित्रें उत्तम. पुढील प्रत्येक चित्राचें नांव यादींत होतें, परंतु उघडावें तों नुसते करडे पट्टे. भाद्रपदांत अक्का गेल्या.

कार्ड खोटें होतें. त्यांतील खरी जागा अवघी ८ जीबी; परंतु आंतील नियंत्रक तुकडा कॅमेऱ्यास १२८ असें सांगत होता. अशा कार्डांत खरी जागा संपली कीं पुढील चित्रें कोठेंच लिहिलीं जात नाहींत, किंवा जुन्यांवर लिहिलीं जातात. यादी मात्र बिनबोभाट वाढत राहते. लबाड कारकुनानें आवकवहींत नोंद करावी आणि धान्य कोठारांत पोहोंचूंच नये, तसा हा प्रकार. म्हणून कार्ड जबाबदार दुकानांतूनच, पावती घेऊन आणावें, व समारंभापूर्वीं संगणकावर तें कांठोकांठ भरून पुन्हा वाचून पाहावें. हें काम करणारे एफ३, एच२टेस्टडब्ल्यू यांसारखे प्रोग्रॅम फुकट मिळतात. तास-दोन तास जातात, जाऊं द्यावेत.

आतां आकड्यांविषयीं. एसडीएचसी कार्ड ३२ जीबीपर्यंतचें असतें, एसडीएक्ससी त्याहून मोठें. हा दुसरा प्रकार २००९ सालीं आला. त्यापूर्वींचा कॅमेरा असेल तर तो तें घेईलच असें नाहीं. २४ मेगापिक्सेलचें एक जेपेग चित्र सुमारें १० एमबी धरिलें, तर ३२ जीबींत तीनएक हजार चित्रें मावतात. ६४ जीबीचें कार्ड संगणकावर ५९ च्या आसपास दिसतें, ती मात्र लबाडी नव्हे. कारखानदार हजारानें मोजतो, संगणक १०२४ नें. कार्डावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचनाचा असतो. चलच्चित्रें घ्यावयाचीं असल्यास ‘व्ही३०’ ही खूण पाहावी. तिचा अर्थ सेकंदास किमान ३० एमबी लेखन.

एका मोठ्या कार्डापेक्षां दोन लहान बरीं, असें आमचें मत. तीं प्लॅस्टिकच्या डबींत ठेवावीं, भरलेलें पालथें व रिकामें उताणें, म्हणजे गर्दींत घोटाळा होत नाहीं. चुकून चित्रें पुसलीं गेलीं तर त्या कार्डावर पुढें एकही चित्र घेऊं नये. पुसतांना बहुधा केवळ यादींतील नोंद जाते. मूळ मजकूर त्यावर नवें लिहिलें जाईपर्यंत बहुतेक वेळां शाबूत असतो आणि जाणकारास तो काढितां येतो.

आणखी एक. कार्ड हें वाहन आहे, कोठार नव्हे. त्यांतील चित्रें सूक्ष्म विद्युत्भाराच्या रूपानें राहतात, आणि तो भार वर्षानुवर्षें पडून राहिल्यास झिरपून जातो. आपल्या वैदिकांनीं संहितेवर विसंबून न राहतां पद, क्रम, जटा, घन असे पाठ सिद्ध केले आणि ते अनेक मुखीं ठेविले. आम्ही शाळेंत हें मोठ्या अभिमानानें शिकवीत असूं, आणि स्वतःच्या घरीं मात्र एका कार्डावर विसंबलों!

भिक्षावळीचें एकच चित्र पुढें व्याह्यांच्या मोबाइलवर सांपडलें. त्यांत लाडू आणि अक्कांचा हात स्पष्ट आहे, मुद्रा पुसट. तें आतां आमच्या संगणकांत आहे, कपाटांतील हार्ड डिस्कवर आहे, आणि तिसरी प्रत पुण्यास कन्येच्या घरीं ठेविली आहे.