सोफ्यासाठी मांजराची बोटं कापायची?

फ्लॅटमध्ये मांजर पाळणारे आता आपल्या गावातही वाढलेत. पर्शियन माऊ, तिचं पाकिटातलं खाणं, तिची वाळू, सगळं बाजारपेठेत मिळतं. हौसेला मोल नाही, त्याबद्दल तक्रारही नाही. पण हल्ली एक प्रश्न कानावर येतो. "हिची नखं कायमची काढून टाकता येतात का हो? नवा सोफा फाडला." अमेरिकेत असं ऑपरेशन करतात, हे कुणी व्हिडिओत पाहिलेलं असतं, कुणाला तिकडच्या भाच्याने सांगितलेलं असतं.

त्या ऑपरेशनचं नाव डिक्लॉइंग. ऐकायला नखं काढणं, पण प्रकार वेगळाच. आपलं नख कातडीतून उगवतं, मांजराचं बोटाच्या शेवटच्या हाडातून. ते परत येऊ नये म्हणून ते हाडच काढतात. म्हणजे पुढच्या दोन पायांची दहा बोटं, आणि प्रत्येकाचं शेवटचं पेर कापलेलं. स्वतःचा हात समोर धरून बघा, दहाही पेरं नाहीत असं समजा. मग सोफ्याची किंमत करा.

मांजर बोटांवर चालतं. पेरं गेली की चाल बदलते, पाय दुखतात. वाळू उकरताना कळ येते म्हणून काही मांजरं वाळूच सोडतात आणि गादीवर घाण करतात. नखं नाहीत म्हटल्यावर काही चावायला लागतात. सोफा वाचला, हात गेला!

अमेरिकेत हे वर्षानुवर्षं सर्रास चाललं. आता तिथेच न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये आणि मेरीलँडने २०२२ मध्ये बंदी घातली. ऑपरेशनच्या बाजूने एकच मोठा युक्तिवाद असायचा, की नाहीतर लोक मांजर सोडून देतील. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१८ ला बंदी आली. नंतर तिथल्या प्राणी निवाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तर सोडलेल्या मांजरांची संख्या वाढलेली नव्हती.

आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं ११ वं कलम आहे. प्राण्याचा अवयव छाटणं हा त्यात गुन्हा आहे, आणि दुखणं नसताना केलेलं हे ऑपरेशन त्यातच बसतं असं माझं स्पष्ट मत आहे. दंड म्हणाल तर पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. दोन वडापावच्या पैशांत सुटका. म्हणून कायद्याच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरकडे असली मागणीच नेऊ नका.

मांजर ओरबाडतं ते सोफ्यावर राग म्हणून नव्हे. नखाचं जुनं टरफल काढायला, अंग ताणायला, पंजाचा वास ठेवून 'ही जागा माझी' सांगायला. ते थांबणार नाही, त्याला दुसरी जागा द्यायची. लाकडी खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा. खांब तीन फूट तरी उंच हवा, मांजराला पूर्ण ताणता आलं पाहिजे. आणि तो डुगडुगता कामा नये, एकदा हलला की मांजर परत फिरकत नाही. बरेच जण इथेच चुकतात: खांब गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवतात आणि म्हणतात, वापरत नाही. अहो, सोफ्याशेजारीच ठेवा! सोफ्याच्या कोपऱ्याला काही दिवस दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, पंजाला चिकट लागलेलं त्याला आवडत नाही. काहींना आडवं ओरबाडायला आवडतं, त्यांना गोणपाट किंवा खोक्याचा पुठ्ठा पुरतो.

दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त टोकं कापा. आतला गुलाबी भाग सोडायचा, तिथे रक्तवाहिनी असते. झोपेत असताना एका वेळी दोन नखं झाली तरी पुष्कळ. मारू नका. मारल्याने मांजर तुम्हाला घाबरतं, ओरबाडणं तुमच्यामागे चालूच राहतं.

दोरी हार्डवेअरवाल्याकडे मिळेल. गुळगुळीत नायलॉनची घेऊ नका, तिच्यात नख धरत नाही. कुणी असा खांब घरी केला असेल तर फोटो टाका, बाकीच्यांना माप कळेल.