वरिष्ठांचा धाक आणि कामगाराची बुद्धी

पेण तालुक्याच्या खारेपाटात खाडीचे पाणी अडविणाऱ्या बांधाला खांड पडली, की ती प्रथम पाहणाऱ्याने गावाला हाक द्यावयाची, असा जुना शिरस्ता. हाक देणारा खातेदार की गडी, हे कोणी विचारीत नसे. भरती तेवढा वेळ देत नाही. याच भागात, धरमतरच्या खाडीकाठी, डोलवीचा पोलाद कारखाना उभा राहिला. २०१० च्या अखेरीस तो 'इस्पात'कडून जिंदल समूहाकडे जाण्याचे ठरले व पुढे त्याचा विस्तार झाला.

कारखाना कोणताही असो, यंत्राचा बदललेला आवाज प्रथम ऐकतो तो त्याच्याजवळ उभा असलेला कामगार. तो बोलेल की नाही, हे मात्र पर्यवेक्षकावर अवलंबून असते. मागच्या खेपेस "तुला कोणी विचारले?" असे ऐकावे लागले असेल, तर यंत्र बंद पडेपर्यंत तो गप्प राहील, गिळलेला अपमान घरी नेईल, झोप गमावील.

कचेऱ्यांची कथा निराळी नाही. टिपणीत नवा विचार मांडणाऱ्या कारकुनाला "प्रचलित पद्धतीनुसार करावे" एवढा शेरा मिळतो, आणि वर्षाखेरीस गोपनीय अहवाल असतोच. मग शहाणा मनुष्य जुनीच टिपणी उतरवून काढतो. अशा कचेरीत चुका कमी दिसतात आणि साहेब त्याचे श्रेय घेतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमी एडमंडसन यांच्या अमेरिकन रुग्णालयांतील पाहणीने या समजाला धक्का दिला. चांगल्या नेतृत्वाखालील परिचारिकांच्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद अधिक आढळली. कारण तेथे चूक सांगण्याची भीती नव्हती.

शिस्त हवीच. वितळलेल्या लोखंडाजवळ सभा भरवून निर्णय होत नसतात. पण शिस्त म्हणजे पाणउतारा नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेतील शिक्षकाची नोकरी सोडून बाहेर पडले, ते बढतीत डावलले गेल्यामुळे. त्यांनीच १९१० मध्ये वसविलेल्या किर्लोस्करवाडीत शाळा अर्धवट सोडलेला तरुण कल्पक अभियंता झाला आणि दरोड्याची शिक्षा भोगलेली माणसे राखणदार झाली. लक्ष्मणराव प्रशस्तिपत्रापेक्षा माणूस पाहत.

आज पर्यवेक्षकाची बढती ठरविताना त्याच्या पाळीने किती टन माल काढला, हे पाहिले जाते. त्या पाळीतून किती सूचना आणि किती तक्रारी वर आल्या, हेही त्याच कागदावर असावयास हवे. भिंतीवर सूचनापेटी टांगणे पुरेसे नाही. अनेक ठिकाणी तिच्या कुलपाची किल्ली त्याच साहेबांच्या खणात असते.