म्हाताऱ्या झाडाचा गुन्हा काय?

वाशीतल्या आमच्या सोसायटीच्या सभेत परवा ठराव आला: फाटकाजवळचा गुलमोहर पावसाळ्याआधी तोडावा. कारण, ‘म्हातारा झालाय, पडेल.’ साठी ओलांडलेल्या मला हे कारण जरा झोंबलंच!

भीती खोटी नाही. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. माती भिजून सैल झाली की वाऱ्यासरशी तो कलंडतो. पण बुंध्याला पेव्हर ब्लॉक भिडवले कोणी? गाड्यांच्या जागेसाठी एका अंगाची मुळं तोडली कोणी? आम्हीच. बँकेत ठेव मोडायलाही सही लागत असे.

राज्याच्या १९७५ च्या कायद्याने झाड तोडायला परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा मानलं. सिडको १९७० सालची. तिच्या पहिल्या वसाहतींतली झाडं आता त्या वयाला येताहेत.

पण कायदा मुळांना हवा देत नाही. बुंध्याभोवतीची माती मोकळी करा. पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, आधीच परवानगी काढून वाळक्या फांद्या जाणकाराकडून उतरवा. शेंडा मात्र छाटू नका. खोड पोकळ आहे का, पाहा. तरीही धोका उरला, तर खुशाल तोडा.

मी ठरावाविरुद्ध हात वर केला. आधी औषधपाणी, मग तिरडी. माणसाला लावतो तोच न्याय झाडालाही हवा.