जुनी गाडी, विजेची गाडी आणि आमचा घाट

मंडळी, मोटारगाड्यांचा नाद असलेल्या माणसांचे सध्या दोन पंथ झाले आहेत. पहिला पंथ म्हणतो, गाड्या होत्या त्या जुन्याच, आताचे सगळे पत्र्याचे डबे. दुसरा म्हणतो, धूर सोडणारी गाडी म्हणजे पाप, जे काही भले व्हायचे ते विजेने! आमच्या नात्यागोत्यातही हे दोन्ही पंथ आहेत आणि लग्नकार्यात पंगत उठली की त्यांची जुंपते. मलाही हा नाद असल्यामुळे "काका, तुमचं मत काय?" असे हटकून विचारले जाते. तर एकदाच काय ते सांगून टाकतो. दोघेही चुकतात, आणि एकाच कारणाने चुकतात. दोघांना गाडी दिसते, रस्ता दिसत नाही. आणि गाडीत कोण बसले आहे, हे तर मुळीच दिसत नाही.

आधी जुन्यांचे घेऊ. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी गेली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत! तेव्हा लोकांनी केवढे उसासे टाकले! मलाही ती गाडी आवडे. १०८९ सीसीचे छोटे इंजिन, स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा, मागे पाय पसरून बसण्याइतकी जागा. पण तिच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, हे का विसरायचे? कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी सामान्य माणसाची कधीच नव्हती, सामान्य माणूस तिच्यात भाडे देऊन बसे. तिचे मोठेपण आहे ते तिथेच. ती टॅक्सी झाली, हजारो घरांची चूल तिच्यावर पेटली. आज जो तिला पॉलिश करून रविवारच्या मिरवणुकीत नेतो, त्याच्या हौसेबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण त्याने तिला "आपल्या सर्वांची गाडी" म्हणू नये.

आमच्या जव्हार-मोखाड्याकडे सर्वांची गाडी म्हणाल तर ती जीप. महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला घेतली, तो तिचा मूळपुरुष. पुढे ट्रॅक्स आली, २००० साली बोलेरो आली. या गाड्यांना रूप नाही, बसायला धड जागा नाही, आणि जागा असती तरी मिळाली नसती, कारण मागे माणसे लटकलेली असतात. पण घाटात दुसऱ्या गिअरवर कण्हत का होईना, त्या चढतात, आणि बिघडल्या तर वाटेवरचा मेकॅनिक पाना-पक्कड घेऊन चालत्या करतो. गाडीच्या नादिष्टांच्या मासिकात या जीपवर कोणी पान खर्चत नाही. इथल्या बाजाराच्या दिवशी मात्र तिच्यावाचून पान हलत नाही.

आता विजेच्या गाडीचे. कोणी म्हणेल, हा म्हातारा जुन्या वळणाचा, हिला नाके मुरडणार. अजिबात नाही! ही गाडी घाटासाठीच जन्मली आहे. डिझेलच्या इंजिनाला जोर यायला आधी फेरे वाढवावे लागतात. विजेच्या मोटारीला उभ्या जागेवरून पुरा जोर मिळतो, म्हणजे चढणीवर थांबून पुन्हा निघताना ती मागे ओढत नाही. उतारावर तर तिची खरी गंमत. पाय उचलला की मोटरच जनित्र होते, गाडीचा वेग आवरते आणि चढताना गेलेल्या विजेतला काही भाग बॅटरीला परत देते. ब्रेकची झीज कमी, ती वेगळीच. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटची होती आणि घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ती रातोरात भरे. यंत्र म्हणून मी या गाडीला पैकीच्या पैकी मार्क देईन.

माझे भांडण आहे ते तिच्या भाटांशी. "शून्य धूर" म्हणतात. वीज येते कुठून? आमच्याच पालघर जिल्ह्यात डहाणूला ५०० मेगावॅटचे केंद्र आहे, ते कोळशावर चालते. धूर संपला नाही, तो मुंबईतून उचलून डहाणूला ठेवला. तारापूरची अणुवीजही १९६९ पासून याच जिल्ह्यातली. आणि इतकी वीज पिकवणाऱ्या जिल्ह्याच्या पाड्यांवर पावसाळ्यात पहिल्या वाऱ्याला दिवे जातात!

आणि सरकारी कृपा कुणावर? विजेच्या मोटारीवर जीएसटी ५ टक्के, मग ती दहा लाखांची असो की साठ लाखांची. डिझेलच्या रुग्णवाहिकेवर २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये उतरून १८ वर आला. साठ लाखांच्या हौसेला पाच आणि बाळंतिणीच्या गाडीला अठरा! ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोल माफ झाला. ही माफी बसलाही आहे, हे खरे. पण सेतू सुरू झाला तेव्हा मोटारीला एका खेपेचे २५० रुपये ठरले होते, आणि ते वाचले कुणाचे, हे सांगायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्यातली पहिली टेस्ला घेतली ती खुद्द परिवहन मंत्र्यांनी, आणि नातवाला भेट म्हणून देणार असे सांगितले. नातवाचे कौतुक असावेच. पण एसटीही याच खात्याकडे आहे. एसटीची विजेवरची 'शिवाई' १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर धावली, याचा मला आनंदच झाला. तशी बस तलवाड्याचा घाट चढताना बघायला मिळावी, एवढेच मागणे आहे.

आमची वांगणी (कर्जतच्या लोकलमध्ये लागते ती नव्हे) महाराष्ट्राला ठाऊक झाली ती १९९२ साली, वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंमुळे. तेव्हा मंत्र्यांच्या, साहेबांच्या, वार्ताहरांच्या गाड्यांची रांग इथवर आली. म्हणजे गाडी येऊ शकत होती, फक्त वेळेवर आली नाही. त्यानंतर तीस वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, मोखाड्यातल्या मर्कटवाडीत मुदतीआधी झालेली जुळी बाळे गेली आणि त्यांच्या आईला डोलीत घालून चिखलातून रस्त्यापर्यंत न्यावे लागले. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पण ती रस्ता असेल तिथपर्यंतच येणार. डोलीला ना पेट्रोल लागते, ना चार्जिंग. शून्य धुराचे वाहन हवे होते ना? ते हे!

म्हणून म्हणतो, सवलत द्यायची तर आधी रस्त्याला द्या, मग रुग्णवाहिकेला, मग एसटीला, मग त्या जीपवाल्याला, जो उद्या विजेची जीप घ्यायला तयार होईल पण ज्याला बँक दारात उभे करत नाही. हौशी मंडळींचा नंबर त्यानंतर. त्यात मीही आलो.

असो. दोन्ही पंथांनी खुशाल भांडावे, पुढच्या लग्नात मीही भांडायला असेनच. पण कोणी एखाद्या गाडीचे गुण गाऊ लागला की मी एवढेच विचारणार आहे : श्रावणात ती पाड्यावर येते का?